तारे, टपाल आणि आठ तास

खगोलशास्त्राचा एम्.एस्सी.चा अभ्यास घरी बसून, नोकरी न सोडता, महाजालावरून करता येतो आणि त्याची रीतसर पदवीही मिळते, असे कोणी पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या व्यासपीठावरून सांगितले असते, तर श्रोत्यांनी ते थट्टेवारी नेले असते. आज त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. परंतु जी गोष्ट अंगवळणी पडते तिचा इतिहास आपण विसरतो. आणि इतिहास विसरला की ती गोष्ट आपोआप आली, यंत्राने आणून दिली, असे वाटू लागते. ही सोय आली कोठून, तिच्या आधी काय काय घडावे लागले, आणि ती आल्यानंतरही काय राहून गेले, एवढाच आमच्या विषयाचा आवाका आहे.

ताऱ्यांविषयी अधिकाराने बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. नंतरची वर्षे मागणीपत्रके, करार आणि गेटसभा यांत गेली. त्यामुळे विद्येच्या इतिहासाकडे आम्ही पाहतो ते कामाच्या तासांच्या अंगाने. विद्येचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार हे अंग सहसा पाहत नाहीत. त्यांचे राहून गेलेले काम थोडेसे करावे, एवढाच आमचा हेतू.

कोणतीही विद्या शिकायची तर चार गोष्टी लागतात. शिकवणारा हवा, शिकण्याचे साहित्य हवे, शिकलेले तपासून त्यावर शिक्का उठवणारी संस्था हवी, आणि वेळ हवा. खगोलशास्त्रात साहित्य म्हणजे नुसते ग्रंथ नव्हेत. वेध, म्हणजे आकाशाचे प्रत्यक्ष केलेले मोजमाप, हेच खरे साहित्य. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिल्या तीन गोष्टी हळूहळू, एकामागून एक, शिकणाऱ्याच्या दारापर्यंत आल्या असे दिसते. चौथी गोष्ट कोणी दारात आणून ठेवली नाही. ती भांडून मिळवावी लागली.

आरंभ एका कारकुनापासून करू. फ्रीडरिश बेसेल हा जर्मनीत मिंडेन येथे १७८४ साली जन्मला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो ब्रेमेन बंदरातील एका व्यापारी पेढीत उमेदवार म्हणून लागला. सुरुवातीला पगारही नव्हता. पेढीचा माल जहाजांनी परदेशी जाई. आपणही त्या जहाजांबरोबर जावे या इच्छेने तो नौकानयन शिकू लागला. नौकानयनासाठी तारे शिकावे लागले, ताऱ्यांसाठी गणित शिकावे लागले. दिवस पेढीचा होता, म्हणून हा सारा अभ्यास रात्री चाले. पुढे त्याने हॅलेच्या धूमकेतूचे १६०७ साली इंग्लंडात टॉमस हॅरियट याने केलेले जुने वेध हाती घेतले आणि त्यांवरून धूमकेतूची कक्षा गणिताने काढली. ते गणित त्याने १८०४ साली गावातील ओल्बर्स या नामांकित खगोलज्ञास दाखवले. ओल्बर्स व्यवसायाने वैद्य होता. त्याने ते छापवून आणले. दोन वर्षांनी बेसेल पेढीतील बऱ्या मिळकतीची आशा सोडून कमी पगारावर एका वेधशाळेत सहायक झाला, आणि १८१० साली क्योनिग्सबर्गच्या नव्या वेधशाळेचा संचालक.

पुढची गोष्ट मौजेची आहे. क्योनिग्सबर्गला प्राध्यापक व्हायचे तर डॉक्टरेट हवी, आणि बेसेलपाशी कसलीच पदवी नव्हती. तेव्हा गाउस या थोर गणितज्ञाने शिफारस केली आणि ग्योटिंगेन विद्यापीठाने परीक्षेवाचून त्याला डॉक्टरेट दिली. १८३८ साली याच बेसेलने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर मोजून प्रसिद्ध केले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकल्यासारखा दिसतो; ते सरकणे मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, अशी ही रीत. सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचे विश्वसनीय अंतर माणसाला कळले ते प्रथम येथे.

या चरित्रातून बहुतेक लोक एवढाच बोध घेतात की, जिद्द असली म्हणजे सर्व साधते. आम्हाला त्यात दुसरे दिसते. बेसेलला ओल्बर्स भेटला, कारण दोघे एकाच गावात राहत होते. त्याला गाउसची शिफारस मिळाली. शिक्षक आणि शिक्का या दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला योगायोगाने आल्या. त्याच ब्रेमेनमध्ये, त्याच दिव्याच्या उजेडात जागणारे दुसरे कारकून असतील, ज्यांना ओल्बर्स भेटला नाही. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाच्या चळवळींनी जे केले ते हेच, की योगायोगाच्या जागी व्यवस्था आणण्याचा यत्न केला.

१८२३ साली लंडनमध्ये जॉर्ज बर्कबेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी शास्त्र शिकवायचे, ही तिची कल्पना. आजचे बर्कबेक कॉलेज ते हेच. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले, आणि आयझॅक पिटमनने टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने धडा लिहून पाठवायचा, शिक्षकाने तो तपासून परत पाठवायचा. पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कॉलेजात न शिकलेल्यांनाही खुल्या केल्या. तू कोठे शिकलास हे आम्ही विचारीत नाही, तुला काय येते ते दाखव, असे विद्यापीठ म्हणू लागले. १८७८ साली तेथल्या पदव्या स्त्रियांनाही मिळू लागल्या. अशा रीतीने शिकवणारा टपालाच्या थैलीत बसून आला आणि शिक्काही कॉलेजच्या फाटकाबाहेर पडला.

राहिले वेध. ते घरी कसे यावेत? दुर्बीण डोंगरावर, निरीक्षक दुर्बिणीपाशी, असा या शास्त्राचा शिरस्ता. तो मोडला फोटोग्राफीने. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने दक्षिणेकडील आकाशासाठी पेरू देशात आरेकिपा येथे ठाणे उघडले. तेथे रात्री दुर्बिणीने फोटोच्या काचा घ्यायच्या, त्या जहाजाने मॅसॅच्युसेट्सला पाठवायच्या, आणि तेथे टेबलाशी बसलेल्या स्त्रियांनी दिवसाउजेडी भिंगाने तपासायच्या, असा कारखाना तेथे चाले. कारखाना हा शब्द आम्ही जाणून वापरतो, कारण तेथे पगारही कारखान्याप्रमाणे तासावर होता. या स्त्रियांपैकी हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलन मेघ या दक्षिणेकडील तारकापुंजातल्या रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचे तेज नियमाने कमीजास्त होते अशा ताऱ्यांचा अभ्यास केला. १९१२ साली २५ ताऱ्यांवरून त्यांनी नियम मांडला की, तेजाचा फेरा जितका लांब तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. मूळ तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर काढता येते. पुढे हबलने देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केले ते याच मापाने. वेध एका खंडात आणि शोध दुसऱ्या खंडात, ही रीत महाजाल येण्याच्या कितीतरी आधी जहाजाने चालू केली होती.

त्याच कचेरीतील विल्यमिना फ्लेमिंग यांची हकीकत आम्ही गाळू शकत नाही. वेधशाळेच्या संचालकांच्या घरी त्या मोलकरीण होत्या. तेथून वेधशाळेत आल्या, हजारो ताऱ्यांचे वर्णपट त्यांनी लावले, आणि पुढे फोटोच्या साऱ्या काचांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९०० साली ठेवलेल्या रोजनिशीत त्यांनी पगाराचा विषय काढला आहे. त्यांना वर्षाला १५०० डॉलर मिळत, पुरुष सहायकांना २५००. पगार वाढवण्याची गोष्ट काढली की बाईमाणसाच्या मानाने हा पगार उत्तम आहे, असे त्यांना ऐकवले जाई. हे उत्तर आम्हाला अपरिचित नाही. कामगारांच्या प्रत्येक वाटाघाटीत ते कोणत्या ना कोणत्या रूपात टेबलावर येतेच.

माउंट विल्सन वेधशाळेचा मिल्टन ह्यूमेसन हाही याच पंक्तीतला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. वेधशाळा बांधली जात असताना तो डोंगरावर सामान नेणाऱ्या खेचरांचा तांडा हाकी. १९१७ साली तेथेच झाडलोट करणारा नोकर म्हणून लागला, मग रात्रीचा मदतनीस झाला, आणि शेवटी हबलच्या बरोबरीने दूरदूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेणारा शास्त्रज्ञ. १९५० साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. खगोलज्ञ हाही अखेर रातपाळीचाच कामगार. पण या रातपाळीत शिरायला ह्यूमेसनला खेचराची वाट धरावी लागली.

विसाव्या शतकात या साऱ्या धाग्यांची एक दोरी वळली गेली ती ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत. १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथे कल्पना मांडली की, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि टपाल यांच्या साहाय्याने विद्यापीठ चालवावे. ती प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय जेनी ली यांना जाते. त्या स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराच्या कन्या. हे विद्यापीठ दुय्यम प्रतीचे असता कामा नये, इतर विद्यापीठांच्या तोडीचीच पदवी तेथे मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९६९ साली विद्यापीठाची सनद निघाली आणि १९७१ साली सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनिशी शिकवणे सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षांची अट नव्हती. १९६७ साली स्वतः पदव्युत्तर विद्यार्थिनी असताना जोसेलिन बेल यांनी पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ स्पंद पाठवणारे तारे, शोधून काढले होते. १९७४ साली त्या शोधाचे नोबेल पारितोषिक त्यांच्या मार्गदर्शकांकडे गेले. त्याच बाईंनी १९७३ पासून पुढे कित्येक वर्षे या ओपन युनिव्हर्सिटीत शिकवले, आणि १९९१ साली त्या तेथे प्राध्यापक झाल्या. जगातील अव्वल दर्जाचे माणूस घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वह्या तपासते, ही गोष्ट आमच्या मते पारितोषिकाहून लहान नाही.

आता वेळेकडे वळू. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात जावे लागेल, कारण आमच्या कथेची दोन टोके त्या एका शहरात आहेत. २१ एप्रिल १८५६ या दिवशी मेलबर्न विद्यापीठाची इमारत बांधणाऱ्या पाथरवटांनी छिन्नी-हातोडे खाली ठेवले आणि ते पार्लमेंटच्या इमारतीपर्यंत मिरवणुकीने गेले. मागणी एकच होती: दिवसाला आठ तास काम, आणि पगारात कपात नाही. बांधकामाच्या धंद्यांपुरती ती मान्य झाली. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपल्या मर्जीचे, हे सूत्र त्यांच्या निशाणावर आले. त्या मधल्या आठ तासांचे करायचे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तीनच वर्षांनी, १८५९ साली, त्यांनी आपल्या संघटनांसाठी जे सभागृह उभे केले त्याचे नाव ट्रेड्स हॉल अँड लिटररी इन्स्टिट्यूट असे ठेवले. युनियनची कचेरी आणि वाचनाची संस्था एकाच छपराखाली. या विजयाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कारखान्यांतील मजूर आणि स्त्रिया यांना त्यानंतर पुष्कळ वर्षे आठ तास मिळाले नाहीत. आणि जे विद्यापीठ ते पाथरवट बांधत होते, त्यात त्यांची मुले शिकतील अशी शक्यता त्या काळी फारशी नव्हती.

त्याच शहरात, हॉथॉर्न या उपनगरात, १९०८ साली जॉर्ज स्विनबर्न यांच्या पुढाकाराने एक तंत्रशाळा निघाली. सुतारकाम, नळकाम, लोहारकाम असे विषय तेथे शिकवले जात. ती वाढत गेली आणि १९९२ साली तिचे स्विनबर्न विद्यापीठ झाले. १९९८ साली मॅथ्यू बेल्स या पल्सारांच्या अभ्यासकाने तेथे खगोलभौतिकी आणि महासंगणन यांचे केंद्र स्थापले, आणि १९९९ साली स्विनबर्न ॲस्ट्रॉनॉमी ऑनलाइन या नावाने पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. महाजालावरून खगोलशास्त्राचे उच्च शिक्षण देण्याचा जगातील हा आरंभीच्या यत्नांपैकी एक होय. चार विषय पुरे केले की प्रमाणपत्र, आठ केले की पदविका, बारा केले की एम्.एस्सी., अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना. प्रथम पाठ्यसाहित्य सीडीवर घालून टपालाने येई आणि चर्चा महाजालावर होई. पुढे सारेच महाजालावर गेले. सुतार-लोहारांच्या शाळेतून ताऱ्यांची शाळा निघावी, आणि तीही पाथरवटांच्या आठ तासांच्या गावात, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य यंत्रात नाही, वेळापत्रकात आहे. रात्रशाळा संध्याकाळी सात वाजता भरते. ज्याची आठवड्यागणिक पाळी बदलते त्याला ती तीन आठवड्यांतून फार तर दोन आठवडे साधते. दुसरी पाळी आली की त्याची शाळा बुडाली. महाजालावरच्या चर्चेला घंटा नसते. रातपाळीहून आलेल्या माणसाने सकाळी आठला प्रश्न लिहिला, तर दुसऱ्या देशातला शिक्षक आपल्या सवडीने त्याचे उत्तर लिहितो आणि तिसऱ्या देशातला सहाध्यायी त्यात आपली शंका घालतो. पिटमनच्या टपालाचीच ही रीत. फक्त तपासलेली वही परत यायला आता आठवडा लागत नाही.

शिकायचे काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांचा समज असा की रात्री दुर्बिणीतून शनीची कडी पाहणे म्हणजे खगोलशास्त्र. पदव्युत्तर विद्यार्थी दुर्बिणीला डोळा क्वचित लावतो. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट वाचून त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि त्याचे तापमान किती हे ठरवणे, तारा जन्मतो कसा आणि मरतो कसा याचे गणित करणे, दीर्घिका किती वेगाने दूर जात आहेत ते काढणे, आणि मोजमापातील खरी खूण कोणती व नुसता गोंगाट कोणता हे वेगळे करणे, हा त्याचा अभ्यास. हे सारे आकड्यांवर चालते, आणि आकडे आज तारेवरून घरी येतात. हबल दुर्बिणीचे वेधदेखील ठरावीक मुदतीनंतर जगातील कोणालाही खुले होतात.

या खुल्या दप्तरांत काय पडून असते, याचा एक दाखला देतो. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे १९६१ पासून ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. २००१ साली तिने मॅगेलन मेघांच्या दिशेने पल्सार शोधण्यासाठी वेध घेतले होते. ते आकडे दप्तरात जमा झाले. काही वर्षांनी डेव्हिड नार्केविच हा पदवीच्या वर्गातला विद्यार्थी, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया येथे, डंकन लॉरिमर यांच्या हाताखाली तेच आकडे पुन्हा चाळीत होता. लेव्हिट बाईंच्या लहान मेघापासून थोड्याच अंतरावर त्याला एक विलक्षण स्पंद आढळला. सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकाही तो टिकला नव्हता, पण अतिशय जोरकस होता. अवकाशात विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. त्यांतून येताना आखूड रेडिओ लहरी पुढे आणि लांब लहरी मागे राहतात, आणि प्रवास जितका लांबचा तितके हे मागेपुढे होणे वाढते. या स्पंदात ते इतके होते की, तो आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून, अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आला असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. २००७ साली हा शोध प्रसिद्ध झाला. लेखकांत नार्केविच आहे, आणि स्विनबर्नचे बेल्सही आहेत. वेधाच्या सहा वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला बसलेल्या एका विद्यार्थ्यापासून खगोलशास्त्राची एक नवी शाखा सुरू झाली. बेसेलने १६०७ चे वेध १८०४ साली वापरले होते. वेध धीर धरून थांबतात. ज्याच्यापाशी वेळ असेल त्याची ते वाट पाहतात.

या शोधावर पुढे शंका घेतली गेली, आणि तिचे निरसनही ऐकण्यासारखे आहे. तसेच दिसणारे काही स्पंद पार्क्सच्या दुर्बिणीला भर दिवसा मिळू लागले होते. ते आकाशातले नसावेत असे वाटत होते, पण येतात कोठून हे कळेना. २०१५ साली एमिली पेट्रॉफ या स्विनबर्नच्या संशोधक विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी चोर पकडला: वेधशाळेतील मायक्रोवेव्ह भट्टी. जेवण गरम होण्याची वेळ भरण्याआधीच कोणी दार उघडले की तो स्पंद उमटे. २००१ सालचा स्पंद मात्र खराच होता; तत्पूर्वी २०१३ साली तसे आणखी चार स्पंद सापडल्याचे प्रसिद्ध झाले होते. थोर शास्त्राची परीक्षा कधी कधी मुदपाकखान्यात होते ती अशी.

दुरून शिकणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे, असा आक्षेप काही प्राध्यापक घेतात. त्यात तथ्य नाही असे नाही. एका बाकावर बसून होणारी झटापट, गुरूच्या कपाळावरची आठी पाहून आपली चूक कळणे, हे पडद्यावर पुरते उतरत नाही. शिवाय असा एम्.एस्सी. हा विषयांचा अभ्यास. स्वतंत्र संशोधनाची डॉक्टरेट त्याच्या पुढे राहते. परदेशी विद्यापीठाची फी येथल्या पगाराच्या मापाची नसते, हेही खरे. पण या आक्षेपाचा तराजू आम्हाला चुकीचा वाटतो. दुरून शिकणाऱ्याची तुलना वसतिगृहात राहून शिकणाऱ्याशी करतात. खरी तुलना करायची ती, ही सोय नसती तर जो मुळीच शिकला नसता, त्याच्याशी.

आपल्या महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. १८५५ साली जोतीराव फुले यांनी दिवसा राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या धाकट्या बहिणी आज गावोगाव आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला आणि तो १८९६ साली ग्रंथरूपाने आला. त्यांना वेळ कोणी दिला नव्हता, तो त्यांनी झोपेतून काढला असेल. १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. आणि जुन्नर तालुक्यात खोडद येथे तीस अजस्र तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिचेही वेध मुदतीनंतर अभ्यासकांना खुले होतात. शिक्षक आला, वेध आले, शिक्का आला. आमच्या चार गोष्टींपैकी तीन येथेही जमल्या आहेत.

चौथीचे काय? आमच्या संघटनेतील एक तरुण लेथवर काम करतो आणि दूरशिक्षणाने भौतिकशास्त्र शिकतो. पुढे खगोलशास्त्र घ्यावे ही त्याची इच्छा. परीक्षेच्या महिन्यापुरती आपली पाळी बदलू नये, एवढाच अर्ज त्याने केला होता. रजा मागितली नाही, पैसे मागितले नाहीत. उत्तर आले की, एकाला दिले तर सर्वांना द्यावे लागेल. कारखान्याचे नाव येथे प्रयोजनाचे नाही. हे उत्तर कोणत्याही कारखान्याचे असू शकते. आम्ही त्याच वाक्याचा आधार घेतला आणि पुढच्या मागणीपत्रकात ती सवलत सर्वांसाठीच मागितली. मोठ्या घासाघिशीनंतर परीक्षेचे दिवस आणि त्यांच्या आदले चार दिवस एवढे कलम करारात आले. एवढ्यानेही सहा जणांनी त्या वर्षी निरनिराळ्या परीक्षांचे अर्ज भरले. सहा जणांच्या मनात शिकण्याची इच्छा होती हे त्या कलमाआधी कोणालाच ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा आम्हाला केवळ मजुरीचा हिशेब आठवला नाही. जादा तासांचा पैसा मिळतो असे सांगतात, मिळत असेलही. पण बारा तास यंत्रापाशी, दोन तास जाण्यायेण्यात, आणि उरलेल्यात झोप, जेवण आणि मुलेबाळे. त्या दिवसात ताऱ्याचा वर्णपट बसवायचा कोठे? विद्येचे दार दिवसाचे चोवीस तास उघडे ठेवले, आणि आत जाणाऱ्याचा दिवस मात्र दुसऱ्याच्या खिशात राहिला, तर त्या उघड्या दाराचा उपयोग ज्यांना आधीच फुरसत आहे त्यांनाच व्हायचा.

तेव्हा आमचे सांगणे थोडेच आहे. कामगार संघटनांनी पगार आणि बोनस यांच्या जोडीला अभ्यासाचे तास हा मुद्दा मागणीपत्रकात घालावा: शिकणाऱ्याची पाळी स्थिर ठेवणे, परीक्षेची रजा आणि फीला हातभार. नगरपालिकांनी आणि वाचनालयांनी रात्री उशिरापर्यंत आणि पहाटे उघडी राहील अशी एक खोली ठेवावी. तिच्यात चार संगणक, चांगला महाजाल-जोड आणि दार लावून घेता येईल एवढी शांतता असावी. एका खोलीच्या चाळीत राहणाऱ्याला घरबसल्या शिक असे सांगणे सोपे असते. त्या घरात बसायला जागा कोठे आहे हेही पाहावे लागते. आणि आपण नागरिकांनी, कोणी कारकून, शिवणकाम करणारी बाई किंवा बसचा वाहक खगोलशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करतो असे ऐकले, तर त्याचा तुला उपयोग काय, हा प्रश्न विचारू नये. मेलबर्नच्या पाथरवटांनी मधले आठ तास मागताना त्यांच्या उपयोगाचा दाखला कोणाला दिला नव्हता. ते तास आमचे आहेत, एवढेच ते म्हणाले होते.